दीडशे, नऊशे आणि अठरा हजार: तीन डोंगल काही महिने वापरून

फोनला हेडफोनचं गोल भोक नसलं की सी टाइपच्या भोकाला लावून वायरवाले इयरफोन जोडायचा छोटा तुकडा म्हणजे डोंगल. आधी निकाल सांगतो, मग कारणं. तुम्ही कानात घालायचे वायरवाले इयरफोन वापरत असाल तर नऊशे रुपयांचा डोंगल घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या इयरफोनला लावा. माझ्याकडचा अठरा हजारांचा डोंगल मी विकलेला नाही, पण तो एकाच कारणासाठी ठेवलाय. दीडशेच्या अडॅप्टरबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त खपतो तो तोच.

नवी पेठेत कुठल्याही मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात मागा, सी टाइपवरून ३.५ एमएम पिनला जोडणारी वीतभर वायर शंभर-दीडशेत मिळते. "सगळ्या फोनला चालतंय की हो," असं दुकानदार म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्यालाच माहीत नसतं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या वायरी दोन जातींच्या असतात. एकीत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप, म्हणजे डॅक, असते. दुसरीत नुसत्या तारा. फोनने स्वतःच आत ॲनालॉग करून सी टाइपमधून बाहेर सोडलं तरच ही दुसरी चालते, आणि ती सोय आता बऱ्याच फोनमध्ये नसते. माझ्या फोनला पहिली जी मिळाली ती ताराच निघाली, गाणं निवांत फोनच्या स्पीकरवर वाजत राहिलं. बदलून आणलेलीत चिप होती, पण मोबाईल डेटा चालू झाला की बारीक किरकिर आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत सूं असा आवाज. तिची पिनही लवकरच सैल झाली. म्हणून दीडशेची घ्यायचीच असेल तर आपला फोन आणि आपले इयरफोन घेऊन जा, दुकानातच लावून बघा, पिन जरा हलवून बघा, डेटा चालू ठेवून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

नऊशेचा म्हणजे ॲपलचा सी टाइप डोंगल. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं तेव्हा कंपनीने लायटनिंगचा, म्हणजे आयफोनच्या तेव्हाच्या पिनचा, असाच तुकडा दिला होता, हा त्याचा सी टाइप भाऊ. दिसायला चार्जरच्या खोक्यात फुकट मिळाल्यासारखा, पांढरी, बारीक वायर. आतला माल मात्र चोख: साधारण १ व्होल्ट आउटपुट, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे डोंगलचा स्वतःचा विजेला अडथळा, जेमतेम एक ओहमच्या आसपास, २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत. युरोपात विकला जातो त्याचा आवाज तिथल्या मर्यादेमुळे निम्म्या व्होल्टेजवर बांधलेला असतो, त्यामुळे परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर तेवढं विचारून घ्या. अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: काही फोन डोंगलचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडतच नाहीत, त्यामुळे आवाज दबका येतो. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो सारखं थेट डोंगलशी बोलणारं ॲप वापरलं की तो पूर्ण उघडतो. फक्त मग यूट्यूबचा आवाज तसाच दबका राहतो, कारण तो त्या ॲपमधून जात नाही.

अठरा हजारवाल्याचं नाव लिहीत नाही. ही मॉडेलं वर्षाच्या आत बदलतात, तुम्ही वाचाल तोवर त्याची दुसरी आवृत्ती आलेली असेल. काडेपेटीहून थोडा मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा, ईएसएस कंपनीची डॅक चिप, वेगळा ॲम्प्लिफायर, ३.५ एमएम आणि ४.४ एमएम बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारं) अशी दोन भोकं, साध्या पिनवर २ व्होल्ट आणि बॅलन्स्डवर ४ व्होल्ट. वर स्वतःची व्हॉल्यूमची बटणं आणि हाय-लो गेनची, म्हणजे आवाजाचा जोर वाढवायची-उतरवायची, खिट्टी.

पहिल्या आठवड्यात मला तो नऊशेवाल्यापेक्षा सरळसरळ सरस वाटला. सूर मोकळा, तबल्याची थाप भरीव, तंबोऱ्याची जवारी उठून येते, हे सगळे शब्द मी मित्रांना वापरून झाले. पण दोन्ही डोंगल एकाच फोनवर, एकाच खुणेवर ठेवून ऐकले तर दुप्पट व्होल्टेजवाला मोठाच वाजणार. आणि एखादा डेसिबल मोठा आवाज आपल्या कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात डेमो देताना नेमकं हेच होतं.

तेव्हा आवाज मोजून सारखा केला. पद्धत सोपी आहे, घरी कुणालाही जमेल. ५० हर्ट्झच्या सलग सुराची फाइल वाजवायची, पिनेला दुहेरी जोडणी लावून एका बाजूला इयरफोन आणि दुसऱ्या बाजूला मल्टिमीटर एसी व्होल्टवर. ५० हर्ट्झ यासाठी की स्वस्त मीटर घरच्या विजेसाठीच बनवलेला असतो, किलोहर्ट्झच्या सुरावर तो काहीही आकडा दाखवतो. इयरफोन लावलेलाच ठेवायचा, कारण भार असताना व्होल्टेज थोडं उतरतं. दोन्हीकडचा आकडा एक टक्क्याच्या आत आणला की फरक ०.१ डेसिबलहूनही कमी राहतो, तेवढा कुणाला कळत नाही. दोन फोन, दोन डोंगल, गाणं एकच. पिन बदलायला भाचीला बसवलं आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

"मामा, आता कोणता?" असं ती विचारायची आणि मी ठामपणे उत्तर द्यायचो. तिने वहीत मांडलेला हिशोब पाहिला तर माझी उत्तरं छापा-काट्याच्या पुढे गेली नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, नव्या मराठी सिनेमातली गाणी, एकाच माणसाच्या गिटारवर म्हटलेली इंग्रजी गाणी, काहीही लावलं तरी तेच. मग आम्ही जागा बदलल्या. भाचीचे कान विशीतले, माझ्याहून वरचं तिला ऐकू येतं, तरीही तीच गत. दीडशेवाला मात्र आम्ही दोघांनीही दर वेळी ओळखला, पण तो गाण्यावरून नव्हे, गाणं थांबल्यावरच्या सूं वरून.

यात नवल वाटण्यासारखं खरं तर काही नाही. सीडी १९८२ ला बाजारात आली तेव्हापासून १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप ठरलेलं आहे. त्यात हलक्यात हलक्या आणि मोठ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर मावतो, माणसाच्या कानाची हद्द त्याच्या अलीकडेच संपते. एवढं काम चोख करणारी चिप आज अगदी थोड्या पैशात बनते.

आणि आपण ऐकतो काय, हेही बघा. माझ्या फोनमधला निम्मा साठा जुना आहे. बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा बुलंद आवाज, नाट्यपदं, आकाशवाणीच्या ध्वनिफितींवरून उतरवलेल्या मैफली. चुंबकीय फितीत गाणं आणि फितीची खरखर यांच्यात फार तर ६०-७० डेसिबलचं अंतर असतं, ७८ आरपीएमच्या तबकडीत त्याहून बरंच कमी. डॅकची स्वतःची शांतता १२० डेसिबल खाली असो की १०० खाली, तबकडीची खरखर दोन्हींच्या कितीतरी वर बसलेली असते. महागड्या डॅकवर ती खरखर तितक्याच प्रामाणिकपणे ऐकू येते, एवढंच.

आता ते एक कारण. घरी माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला सेनहायझरचा एचडी ६०० हेडफोन आहे. १९९७ चं डिझाइन, ३०० ओहम, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारा. नऊशेवाल्याच्या १ व्होल्टने त्याला जेमतेम ३.३ मिलिवॅट मिळतात. बॅलन्स्डच्या ४ व्होल्टने ५३ मिलिवॅट. डेसिबलमध्ये मांडलं तर १२ चा फरक, म्हणजे कानाला दुप्पटीहून जास्त. गंमत अशी की सिनेमाची नवी गाणी नऊशेवाल्यावरही या हेडफोनमध्ये पुरेशी वाजतात, कारण ती मुळातच ठासून मोठी केलेली असतात. ख्यालाचं तसं नाही. विलंबितातली सुरुवात इतकी हलकी रेकॉर्ड केलेली असते की व्हॉल्यूम टोकाला नेऊनही तंबोरा लांबच वाटतो, आणि पुढे द्रुत तराण्याला लागणारी मोकळीक उरतच नाही. तिथे अठरा हजारवाला खऱ्या अर्थाने कामाला येतो, आणि त्यासाठी मीटर किंवा भाची कुणीही लागत नाही. मात्र एवढ्यासाठी अठरा हजारच लागतात असंही नाही. ४.४ एमएमचं भोक आणि ४ व्होल्ट देणारे डोंगल पाच-सहा हजारांच्या आसपासही मिळतात. आज घ्यायचा झाला तर मी तिथेच थांबेन.

याच्या उलटही होतं. मेहुण्याच्या अगदी संवेदनशील इयरफोनला महागडा डॅक हाय गेनवर लावला तर हलका फुसफुसाट यायचा. नऊशेवाल्यावर तोच इयरफोन एकदम शांत. लो गेनला टाकल्यावर तो गेला, पण "अठरा हजारात फुसफुस फुकट का?" हा मेहुण्याचा प्रश्न मला अजून झोंबतो.

महागड्याची दुसरी खरी सोय म्हणजे व्हॉल्यूमच्या पायऱ्या. अँड्रॉइडमध्ये मूळ पायऱ्या १५ च. काही कंपन्या वाढवून देतात. रात्री घरचे झोपल्यावर एक पायरी कमी पडते आणि पुढची जास्त होते, हा अनुभव सगळ्यांचा असेल. डॅकच्या स्वतःच्या बटणांना बारीक पायऱ्या आहेत, हव्या तिथे थांबता येतं. ही सुधारणा मला आवाजातल्या कुठल्याही कल्पित फरकाहून मोलाची वाटते.

तोटेही ऐका. ठोकळा गरम होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, तेव्हा शर्टाच्या खिशात फोनसोबत तो ठेवणं नको होतं. फोनची बॅटरी तो नऊशेवाल्यापेक्षा स्पष्ट जास्त खातो, आणि फोनला भोक एकच, म्हणजे गाणं ऐका नाहीतर चार्जिंग करा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मी तो नेणं बंद केलंय. वरच्या बर्थवर फोनला लोंबकळणारा ठोकळा, कूस बदलली की सी टाइपच्या भोकावर ताण, आणि गाडीच्या खडखडाटात बारकावे ऐकायचे तरी कुठे? प्रवासाला नऊशेवाला किंवा सरळ ब्लूटूथ. ब्लूटूथला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, बागेतून फिरताना वायर शर्टाला घासून जो आवाज करते तो कुठल्याही कोडेकपेक्षा, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीपेक्षा, वाईट.

खोक्यावरच्या चिन्हांचंही पाहून घ्या. माझ्या डॅकवर एमक्यूए या गाणी साठवायच्या खास पद्धतीचा दिवा आहे, किमतीत त्याचा वाटा असणारच. ती पद्धत काढणारी कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर प्रशासकांच्या हाती गेली, पुढे दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि त्या पद्धतीची गाणी ऑनलाइन ऐकवणाऱ्या टायडलने २०२४ च्या जुलैत एमक्यूए काढून साधं फ्लॅक, म्हणजे काही न गमावता साठवलेलं गाणं, ठेवलं. दिवा आजवर एकदाही लागलेला नाही. ३८४ आणि ७६८ किलोहर्ट्झचे आकडेही तसलेच. ॲपल म्युझिकवर असंच काही न गमावलेलं, लॉसलेस गाणं २०२१ पासून जादा पैसे न घेता मिळतं, पण त्यातलीही बरीच गाणी ४४.१ किंवा ४८ वरच असतात.

एक गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळाली नाही, ती इथे लिहितो, कारण आपल्या गावात ती लागू आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम करतो, पण दिवसातून काही वेळ लूमच्या शेडमध्ये जावंच लागतं. तिथून आलेल्या संध्याकाळी तीच गाणी, तोच डॅक, पण झांजेची किणकिण बोथट, 'स' आणि 'श' दबलेले. मोठ्या आवाजात राहिल्यावर कान काही तास बसतात, हे वैद्यकात माहीत असलेलंच आहे. तीच रेकॉर्ड रविवारी सकाळी ऐकली की नवीन उपकरण घेतल्यासारखी वाटते. दीडशेवाला सोडला तर उरलेल्या दोन डोंगलांत मला एवढा फरक सापडलेला नाही. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. ९४ ला एकच तास उरतो. शेडमध्ये कामगारांसाठी कानातले बोळे ठेवलेत, घालतं कुणी नाही. मी घालायला लागलो, आणि ते पन्नास रुपयांत आले.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. इयरफोन ३२ ओहमच्या आसपासचा असेल तर नऊशेवाला, डोळे झाकून. वायर नाजूक आहे, घडी घालून खिशात कोंबू नका. मोठा, १५० ओहमच्या वरचा हेडफोन असेल तर ४ व्होल्टचा मधल्या किमतीचा, आणि बॅलन्स्ड घेताना लक्षात ठेवा की हेडफोनची वायरही ४.४ ची वेगळी घ्यावी लागते, ती दीड-दोन हजारांना जाते आणि खोक्यात येत नाही.