जिप्सीच्या एअर लॉकरचा सोलेनॉइड बदलला : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. एअर लॉकर म्हणजे हवेच्या दाबाने एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा, आणि तिची हवा सोडणारा-तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड. एअर लॉकरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गेला तर परदेशातून तोच भाग येईपर्यंत गाडी उभी ठेवायची काही गरज नाही. भोसरी एमआयडीसीत कारखान्यांसाठी विकला जाणारा न्यूमॅटिक (हवेचा) व्हॉल्व्ह माझ्या जिप्सीत सगळा पावसाळा, हिवाळा आणि आताचा उन्हाळा चालला आहे. तोही मूळ भागाच्या तुलनेत फार थोड्या पैशांत. पण दुकानात जाऊन नुसता ‘सोलेनॉइड द्या’ म्हणाल, तर दहातले नऊ व्हॉल्व्ह आपल्या कामाचे नसतात.

माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलला लॉकर आहे. लक्षण साधं होतं : लॉकरचं बटण बंद असतानाही कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने घुरघुरत पुन्हा सुरू व्हायचा. हवा कुठून तरी जात होती. अशा वेळी बरेच जण थेट व्हॉल्व्ह बदलतात, आणि नवा बसवल्यावरही त्रास तसाच राहतो. म्हणून हवा नक्की कुठून जाते ते आधी शोधा. त्याला साबणाचं पाणी आणि अर्धा तास पुरतो.

बटण बंद ठेवून व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या, भोकावर फेस लावा. बुडबुडे आले तर आतली सीट (रबर टेकून हवा अडवते ती जागा) धरत नाही, म्हणजे दोष व्हॉल्व्हचाच. मग बटण चालू करून पाहा. आता त्याच भोकातून हवा येत असेल तर प्लंजर (कॉइलने ओढला जाणारा आतला दांडा) पूर्ण उचलला जात नाही; कॉइलपर्यंत बारा व्होल्ट पोचतात का ते मल्टिमीटरने बघा, वायरच्या टोकाचा गंजलेला थिंबल किंवा सैल अर्थिंग हे नेहमीचं कारण. व्हॉल्व्ह कोरडा आणि तरी प्रेशर पडतंय? मग लॉकरकडे जाणारी नळी काढून ते तोंड प्लगने बंद करा. गळती थांबली तर दोष पुढे आहे : नळीत, नाहीतर डिफरन्शियलच्या आत. लॉकर चालू असताना डिफच्या ब्रीदरमधून (डिफरन्शियलला हवा खेळायला ठेवलेल्या तोंडातून) हवा येत असेल, किंवा लॉकर सोडताना व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून गिअर ऑइलचे थेंब उडत असतील, तर आतल्या सील हाउसिंगचे ओ-रिंग गेले आहेत. तिथे कितीही भारी व्हॉल्व्ह लावलात तरी उपयोग शून्य, डिफ उघडावाच लागतो.

माझ्याकडे पहिल्याच परीक्षेत बुडबुडे आले. व्हॉल्व्ह उघडला तर सीटवर टेफ्लॉन टेपची पांढरी चिंधी बसलेली आणि रबरावर तिचा खोल वण उमटलेला. फिटिंग करताना टेप पहिल्या आट्यापासून गुंडाळली की असे तुकडे सुटून आत जातात. नव्या व्हॉल्व्हला मी टेप लावलीच नाही, लिक्विड सीलंट वापरलं, तेही पहिले दोन आटे कोरडे ठेवून.

आता निवड. लॉकरला लागतो 3/2 व्हॉल्व्ह : तीन तोंडं, दोन स्थिती, नॉर्मली क्लोज्ड. करंट मिळाला की हवा लॉकरकडे जाते. करंट गेला की वाट बंद होते आणि लॉकरच्या नळीतली हवा तिसऱ्या तोंडातून बाहेर पडते. ती बाहेर पडली तरच आतली स्प्रिंग लॉकर सोडवते. कारखान्यात 5/2 व्हॉल्व्ह जास्त खपतात, ते सिलिंडर दोन्ही बाजूंनी ढकलण्यासाठी. ते आपले नव्हेत.

दुसरं म्हणजे कॉइल. पॅनेलवाल्यांना 24 व्होल्ट डीसी किंवा 230 व्होल्ट एसी लागते, म्हणून दुकानात तीच पडलेली असते. मला काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “मशीन कोणतं आहे, साहेब?” जिप्सी म्हटल्यावर ते हसले, पण बारा व्होल्टची कॉइल दोन दिवसांत मागवून दिली. सहा वॅटची आहे, म्हणजे अर्धा अँपिअर घेते. मीटर लावला की सुमारे 24 ओहम दाखवते. पूर्ण वेळ चालू राहण्यासाठी बनवलेलीच कॉइल घ्या. लांबलचक चढावर लॉकर बराच वेळ लावलेला असतो, तेव्हा कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तिसरी गोष्ट प्रेशरची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. माझ्या कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच 150 पीएसआयला तोडतो, म्हणजे 10.3 बार. कारखान्यातली हवा साधारण सहा-सात बारची असते, त्यामुळे तिथले बरेच व्हॉल्व्ह 8 किंवा 10 बारपर्यंतचेच असतात. मी 16 बारचा, डायरेक्ट ॲक्टिंग, म्हणजे कॉइल थेट प्लंजर उचलते असा, घेतला. त्याचं आतलं भोक बारीक असतं, हवा हळू जाते, पण लॉकरला हवा लागतेच किती? बटण दाबल्यावर उशीर जाणवत नाही. पायलटवाले, म्हणजे हवेच्याच दाबाने सरकणारे, व्हॉल्व्ह टाळा. त्यांना सरकायलाच काही किमान प्रेशर लागतं, आणि कॉम्प्रेसर नुकता सुरू झालेला असताना ते अडून बसतात.

बसवताना जुना व्हॉल्व्ह कॉम्प्रेसरच्या मॅनिफोल्डवर थेट पिळलेला होता. तिथे उष्णता आणि थरथर दोन्ही जास्त, म्हणून नवा मी फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पट्टीने लावला आणि मधे जाळीची होज टाकली. कॉम्प्रेसरच्या तापलेल्या डोक्याजवळ नायलॉनची नळी मऊ पडते. वायरिंग तेच राहिलं. कॉइलचा डिन कनेक्टर (वायरचा चौकोनी प्लग) एलईडीवाला असेल तर प्लस-मायनस बघून जोडा आणि त्याचं रबरी गॅस्केट विसरू नका.

खरी परीक्षा मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात झाली. लॉकर दर वेळी लागला, त्याबद्दल तक्रारच नाही. सुटण्याबद्दल मात्र होती. डायरेक्ट ॲक्टिंग व्हॉल्व्हचं एक्झॉस्ट बहुधा कॉइलच्या डोक्यावर असतं आणि त्यावर छोटा पितळी सायलेन्सर येतो. जुलैच्या शेवटी एकदा चिखलातून डांबरीवर आलो, बटण बंद केलं, दिवा विझला, तरी वळणावर आतलं मागचं चाक चुर्र चुर्र घासत होतं. सायलेन्सर काढून पाहिला तर त्याची सगळी छिद्रं लाल मातीने लिंपलेली. हवा सुटायला वाटच नव्हती. सायलेन्सर फेकला, तिथे एल्बो लावून 6 एमएमची नळी वर बॉनेटच्या कडेपर्यंत नेली आणि तोंड खाली वळवलं. त्यानंतर पाण्यातून गेलो, धुवायला प्रेशर वॉशर मारला, सुटण्यात कधी वेळ लागला नाही. ही नळी पहिल्या दिवसापासूनच लावा.

बायपासबद्दलही बरेच जण विचारतात. सोलेनॉइड काढून केबिनमध्ये हाताचा व्हॉल्व्ह बसवायचा, ना कॉइल ना वायर. चालतं, आणि आमच्या ओळखीतल्या एका जुन्या थारमध्ये तसंच आहे. पण तिथे साधा बॉल व्हॉल्व्ह लावू नका. तो बंद केला तरी पुढची हवा कोंडलेली राहते आणि लॉकर लागलेलाच राहतो. डांबरी रस्त्यावर लॉक झालेल्या मागच्या ॲक्सलसह गाडी वळवणं धोक्याचं आहे. आखूड जिप्सी सरळच जाऊ बघते, आणि हाफ शाफ्टवर ताण येतो तो वेगळा. हँड स्लाइड व्हॉल्व्ह मागा. तो मागे सरकवला की पुढची हवा स्वतःच सोडतो. माझ्या हत्यारांच्या पिशवीत असा एक व्हॉल्व्ह, दोन पुश फिटिंग आणि हातभर नळी असते. रानात कॉइल जळली तर नळी सोलेनॉइडवरून काढून या व्हॉल्व्हला जोडायची आणि बाहेर पडायचं. कायमचा मात्र मी सोलेनॉइडच ठेवीन, कारण खडकावर दोन्ही हात स्टीअरिंगवर हवे असतात आणि बटण अंगठ्याने दाबता येतं.

उणिवा दोन. मूळ ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत, पट्टी नवी बनवावी लागते. आणि आटे पाव इंची निघाले, मूळ फिटिंग एक अष्टमांशचं, त्यामुळे दोन रिड्यूसर वाढले. जितके सांधे जास्त तितक्या गळतीच्या जागा, म्हणून दर महिन्याला साबणाचा हात फिरवतो. येत्या पावसाआधी प्लंजर आणि सीलचा संच बदलून टाकणार आहे. तो सुटा मिळतो, कॉइल काढून प्लंजर ज्यात सरकतो ती नळी खोलली की बसतो, आणि व्हॉल्व्ह पट्टीवरून उतरवावाही लागत नाही.