90 एचपीच्या नावाखाली 1,85,000 ला गंडवलं, ट्रॅक्टरवाल्यांनो इंजिन खोलायला द्यायच्या आधी वाचा

ऊस वाहतूक करणाऱ्यांना सांगायला नको, ओल्या फडातनं दोन भरलेल्या ट्रॉल्या बाहेर काढताना 55 एचपीचं इंजिन कसं दम टाकतं ते. सीझन तोंडावर होता, हप्ते चालू होते, म्हणून सोलापुरातल्या एका वर्कशॉपवाल्याकडं गेलो. नाव आत्ता लिहीत नाही, तक्रार चालू आहे. तो म्हणाला 90 एचपी करून देतो, सगळं कस्टम. फोर्ज्ड (दाबून घडवलेले, मजबूत) पिस्टन आणि रिंगा 62,000, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) 48,000, डिझेल फवारणारं नोझल आणि डिझेल पंपाचं काम 31,500, इंटरकूलर 18,000, मजुरी-मशिनिंग 25,500. एक लाख रोख घेतले, 60,000 यूपीआयनं, उरलेले 25,000 ट्रॅक्टर सोडताना. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी. पक्क्या बिलाशिवाय रोख रुपयासुद्धा देऊ नका.

आणि तो टर्बो! टेबलावर ठेवलेला, मी हातात घेतला होता. नंबरची पट्टी जिथं असते तिथं दोन रिव्हेट होते आणि पट्टीच नव्हती. शाफ्ट बोटानं हलवला तर खडखड वाजला. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, "दादा, इम्पोर्टेड माल आहे, पट्टी काढूनच येते, आणि ऑइल प्रेशर आलं की शाफ्ट आपोआप बसतो." शाफ्टला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो हे खरंय, त्यातच मला गुंडाळलं. पण शाफ्टचं पातं हाउसिंगला घासत असेल तर टर्बो भंगार, तिथंच परत द्या. ती रिकामी जागा अजून डोक्यातनं जात नाही.

ट्रायलला काळाकुट्ट धूर. म्हणे पॉवर आली की धूर येणारच. साफ खोटं आहे हे! डिझेलला स्पार्क प्लग नसतो, सिलिंडरमधली हवा 17-18 पट दाबली की 500 अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल त्यातच पेटतं. पॉवर वाढवायची म्हणजे डिझेल जास्त जाळायचं, पण 1 किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. ती जादा हवा टर्बो कोंबतो, दाबून तापलेली हवा इंटरकूलर गार करतो म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावते. याने काय केलं, पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू पिळला, बास. त्या टर्बोनं हवा वाढलीच नाही, डिझेल मात्र दुप्पट. ओढ जाणवते, म्हणून कुणालाही खरंच वाटेल, मलाही वाटलं. पण आतली उष्णता वाढत जाते, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं.

भर सीझनमध्ये तीन नंबरचा पिस्टन गेला. दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन खोललं तर पिस्टन माझेच जुने! मागच्या कामाला मारलेले पंचचे ठिपके जसेच्या तसे, एक, दोन, तीन, चार. तीनचा माथा मेणासारखा ओघळलेला. नोझलही जुनेच. दुरुस्ती 96,400, शिवाय वाहतूक बंद ती वेगळीच. जुने पार्ट परत घ्या म्हणजे घ्याच, आणि बूस्ट गेज (टर्बोच्या हवेचा दाब दाखवणारं), एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर बसवल्याशिवाय वाढीव इंजिन ताब्यात घेऊ नका. कामाच्या आधी आणि नंतर पीटीओ डायनोवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टला जोडून ताकद मोजायचं मशीन) एचपी मोजून मागा, जो टाळाटाळ करतो त्याच्याकडं थांबू नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." पार्ट न टाकता पार्टचे पैसे घेतले ही फसवणूक नाही तर काय आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 कशासाठी आहे? वर मलाच दम, इंजिनात बदल केला म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52, केस तुमच्यावर होईल. म्हणजे लुटलेल्यालाच भीती घालायची! साधी पोचसुद्धा देईनात. साहेब बंदोबस्ताला, साहेब मीटिंगला, उद्या या. दुसऱ्या ऑफिसात म्हणे पक्कं बिल आणा. अहो, तो बिल देत नाही हीच तर तक्रार आहे! कायद्याचा मुद्दा मात्र खरा आहे, परवानगीशिवाय इंजिन बदललं तर दंड बसतो, आणि हे असले लोक त्याच भीतीवर जगतात, गिऱ्हाईक तक्रार करणार नाही म्हणून.

शेवटी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात 2,81,400 ची तक्रार टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंद्याचं वाहन चालत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहकच. कच्ची चिठ्ठी, यूपीआयचे स्क्रीनशॉट, तुटलेल्या सीलचे फोटो सगळं लावलंय. सोलापुरात अजून कुणाला असंच गंडवलं असेल तर चिठ्ठ्या फाडू नका, कळवा, आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते.