चार नंबरचे यंत्र : जुना बीबीसी मायक्रो घेताना झालेली फसवणूक

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक जुना बीबीसी मायक्रो संगणक विकत घेण्याच्या व्यवहारात मी 42,000 रुपये गमावले. हे यंत्र शोधणारे आपल्याकडे थोडेच आहेत. पण जे आहेत ते बहुतेक माझ्यासारखे, शाळेतल्या आठवणीपायी शोधणारे आहेत, आणि मला फसवणाऱ्याने नेमकी तीच आठवण वापरली, म्हणून सारे सविस्तर लिहीत आहे.

केंद्र सरकारने 1984-85 मध्ये शाळांमधील संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ही यंत्रे आली तेव्हा मी आठवीत होतो. 32 केबी स्मृती, फिक्कट पिवळसर खोके, कळफलकाच्या वरच्या कडेला तांबड्या-नारिंगी रंगाच्या दहा कळा, आणि बटण दाबताच येणारा, आधी खालच्या व मग वरच्या पट्टीतला दुहेरी आवाज. चपला दाराबाहेर काढून आम्ही आत जात असू आणि एका यंत्रापुढे तिघे बसत असू. तिसऱ्याची पाळी यायच्या आत बहुधा तास संपलेला असे. शिपाईमामांनी प्रत्येक झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातले होते. माझे यंत्र चार नंबरचे. त्यावर बेसिक या संगणकभाषेत चार-पाच ओळी लिहून मी पहिले वर्तुळ काढले, आणि पुढे आयुष्यभर जे काम केले त्याची सुरुवात तिथे झाली.

निवृत्तीनंतर मी ते यंत्र शोधू लागलो. शाळेत चौकशी केली, तर संगणक केव्हाच निर्लेखित होऊन भंगारात गेले होते. मग जुन्या संगणकांच्या शौकिनांच्या एका गटात मी ‘हवे आहे’ अशी जाहिरात दिली आणि त्यात वर लिहिले आहे ते सगळे, जिल्हा, साल, पांढरा रंग आणि चार हा आकडा यांसकट, मोकळ्या मनाने लिहिले. ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी चूक.

चौथ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. बोलणे अतिशय अदबीचे. वडील सातारा जिल्ह्यात शिक्षक होते, शाळेच्या डेडस्टॉकच्या लिलावात त्यांनी दोन संच घेतले होते, आता वडील गेले आणि घर रिकामे करायचे आहे, असे त्यांनी सांगितले. माझी जाहिरात पाहिल्याचा उल्लेखही त्यांनी केला नाही. एका ओळखीच्या माणसाकडून नंबर मिळाला, एवढेच म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “सर, एकाच्या झाकणावर चार असा आकडा रंगवलेला आहे. तो पुसून देऊ का?” मला क्षणभर बोलताच आले नाही. पुसू नका, असे मी त्यांना विनवले, आणि माझ्यापुरता व्यवहार त्याच वाक्याला पक्का झाला.

यंत्र घेताना काय तपासायचे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मागचे दोन आणि खालचे दोन स्क्रू, ज्यांच्याजवळ ‘फिक्स’ असे लिहिलेले असते, ते काढले की झाकण उघडते आणि आतला बोर्ड दिसतो, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मी त्या बोर्डाचा फोटो मागितला. “वडिलांची वस्तू आहे, मला उघडायची भीती वाटते,” असे उत्तर आले आणि मी पुन्हा मागितला नाही. त्यांनी दीड मिनिटाचा व्हिडिओ मात्र पाठवला. पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर 32के’, खाली ‘एकॉर्न डीएफएस’ (फ्लॉपी हाताळणारी प्रणाली) आणि त्याखाली ‘बेसिक’ अशा ओळी दिसत होत्या, म्हणजे यंत्र चालू होते आणि त्यात फ्लॉपीसाठी लागणारी जोडणीही होती. तो व्हिडिओ मी पुढे अनेकदा पाहिला. त्यात कळफलक दिसतो तेव्हा पडदा दिसत नाही, आणि पडदा दिसतो तेव्हा कळफलक. असा पडदा आजच्या कोणत्याही संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीने (इम्युलेटरने) उभा करता येतो.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देऊ केली आहे, असे त्यांनी सांगितल्यावर मी त्याच संध्याकाळी यूपीआयने 20,000 रुपये पाठवले, आणि कुरिअरची पावती आल्यावर उरलेले 22,000. खोके वेळेवर आले. त्यांनी मला बजावले होते की वीजपुरवठ्यातले जुने कागदी कपॅसिटर बदलल्याशिवाय यंत्राला वीज देऊ नका, नाहीतर धूर निघेल. हा सल्ला अगदी खरा आहे. त्या कपॅसिटरांच्या पारदर्शक आवरणाला वयोमानाने तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि 230 व्होल्ट मिळताच ते फुटतात. इतका नेमका सल्ला देणारा माणूस खोटा असेल असे माझ्या मनातही आले नाही. मी नवे कपॅसिटर मागवले, इलेक्ट्रॉनिक्सचे काम जाणणाऱ्या मित्राला रविवारी येशील का म्हणून विचारले आणि नऊ दिवस ते खोके कपाटावर जपून ठेवले. त्या सल्ल्याने त्यांना हे नऊ दिवस मिळवून दिले, हे मला नंतर उमगले.

रविवारी मित्राने झाकण उघडले. बोर्ड जागेवर होता, पण 6502 प्रोसेसर, रॉम (कायमची स्मृती असलेल्या चिपा), डिस्क नियंत्रणाची 8271 ही चिप आणि एकॉर्नने याच यंत्रासाठी करवून घेतलेली व्हिडिओची चिप, हे सगळे सॉकेटमधून उपटून काढलेले होते. नुसत्या या चिपांनाही शौकिनांमध्ये चांगली किंमत येते, आणि मला मिळाला तो त्यांचा सांगाडा. मित्राने थोडा थिनर कापडाला लावून झाकणाच्या कोपऱ्यावर फिरवला. पांढरा चार लगेच कापडावर आला. “अरे, हा रंग महिन्याचाही नाही,” तो म्हणाला. मी त्याला उरलेला आकडा पुसू दिला नाही; पुरावा म्हणून तो ठेवावा लागेल असे मी म्हणालो, पण त्या वेळी माझ्या मनात पुरावा नव्हता.

फोन अर्थातच बंद होता. मी आणखी दोन दिवस त्यांना समजुतीचे संदेश पाठवण्यात घालवले आणि मग 1930 या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. तोवर रक्कम त्या खात्यातून निघून गेली होती. तक्रार पहिल्या काही तासांत झाली तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. मी अकराव्या दिवशी पोहोचलो. शिवाय खोके उघडतानाचे चित्रीकरण मी केले नव्हते, त्यामुळे चिपा आधीच काढलेल्या होत्या की मी काढल्या, याला मित्राच्या शब्दाखेरीज आधार उरला नाही. तक्रार अजून प्रलंबित आहे.

कोणी हे यंत्र घेणार असेल, तर त्याने उघड्या बोर्डाच्या फोटोशिवाय एक रुपयाही देऊ नये, आणि कळफलक व पडदा एकाच चौकटीत ठेवून विक्रेत्याला स्वतःचे नाव व आजची तारीख टाइप करायला सांगावी. फ्लॉपीची जोडणी आहे असा दावा असेल तर ‘पेज’ची (प्रोग्रॅम स्मृतीत कुठून सुरू होतो ते सांगणाऱ्या आकड्याची) किंमत हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, छापायला लावावी : साध्या यंत्रावर ती ई00 येते, एकॉर्न डीएफएस बसवलेल्या यंत्रावर 1900. यंत्र घरी आले की वीज नऊ दिवसांनी द्या, हवे तर महिन्याने द्या, पण झाकण त्याच दिवशी, कॅमेऱ्यासमोर उघडा. आणि जाहिरातीत यंत्राचे नाव लिहा, आपली शाळा लिहू नका.

त्या गृहस्थांकडे दोन संच असल्याचे ते म्हणाले होते. मला आलेल्या व्हिडिओत मागे हिरव्या चौकड्यांचा कापडी पडदा आणि उजवीकडे पितळी मुठीचे लाकडी कपाट दिसते, आणि अठराव्या सेकंदाला कुकरची शिट्टी ऐकू येते. हाच व्हिडिओ तुम्हाला कोणी पाठवला, तर झाकणावरचा आकडा वेगळा असला तरी पैसे पाठवू नका, आणि मला कळवा. माझ्या तक्रारीला दुसरी तक्रार जोडता येईल.