जांभा दगडाच्या जुन्या भिंतीला गिलावा: सिमेंटचा की चुन्याचा?

भिंतीला ओल असेल तर आधी ती कुठून येतेय ते बघा. छपराखाली डाग असतील तर कौलं तपासा; जोत्यापासून कमरेएवढा पट्टा दिसत असेल तर ओल बहुधा जमिनीतून चढतेय. कोकणातल्या जुन्या घरांत हे नेहमीचं.

सिमेंटचा गिलावा झटपट होतो, गवंडीही सहज मिळतो. पण तो ओल आत कोंडतो. मग पाणी आणखी वर चढतं, पांढरे क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात आणि टिचकी मारली की भिंत पोकळ वाजते.

चुन्याला वेळ लागतो, जाणता गवंडी शोधावा लागतो. तरी माझं मत चुन्यालाच, कारण त्यातून भिंत सुकते. वर प्लॅस्टिक पेंट मात्र अजिबात नको, चुन्याचीच सफेदी द्या. आणि भिंतीलगत चढलेली माती गिलाव्याआधी उपसून घ्या.