सोन्याच्या उघड्या खाणीचं नियोजन शिकायला माइनलिब : काही महिन्यांच्या वापरानंतर

उघड्या खाणीचं नियोजन शिकणाऱ्याला सगळ्यात दुर्मिळ गोष्ट म्हणजे खराखुरा ब्लॉक मॉडेल, म्हणजे साठ्याचे ठोकळे पाडून प्रत्येकात किती टन आणि किती धातू आहे याचा तक्ता. माइनलिब या मोफत संग्रहात असे संच मिळतात. पिटची (खड्ड्याची) हद्द आणि उपशाचं वेळापत्रक शिकायला यापेक्षा चांगलं साधन मला ठाऊक नाही. किमतीचं अर्थशास्त्र मात्र बाजूला स्वतः मांडावं लागतं.

सुरुवात न्यूमन१ पासून करा. त्यात फक्त १,०६० ब्लॉक आहेत. मग मार्विन (५३,२७१ ब्लॉक, सोनं-तांबं, काल्पनिक साठा) आणि शेवटी मॅक्लॉफ्लिन. प्रत्येक संचात ब्लॉकची फाइल, कोणता ब्लॉक काढण्याआधी वरचे कोणते काढायचे त्याची फाइल आणि किमतीची फाइल असते. क्रमांक शून्यापासून सुरू होतात; एकपासून धरले की सगळं एका ओळीने सरकतं आणि उत्तर तरीही पटण्यासारखं दिसतं, म्हणून हा घोटाळा लवकर सापडत नाही.

हद्द, म्हणजे सर्वाधिक फायद्याचा खड्डा, काढायला स्यूडोफ्लो ही गणनपद्धत वापरा. १९६५ सालच्या लर्च-ग्रॉसमन पद्धतीचंच हे उत्तर, पण मोठ्या मॉडेलवर खूप लवकर येतं. ब्लॉकचं एक जाळं मांडून फायद्याचे ब्लॉक उगमाला (प्रवाह सुरू होतो ते टोक) जोडायचे, तोट्याचे निर्गमाला (तो संपतो ते टोक), आणि खालच्या ब्लॉकपासून वरच्याकडे अमर्याद क्षमतेची कडी. ही दिशा उलटी झाली तर वरची माती न काढताच खालचं सोनं हाती येतं! मार्विनची हद्द सुमारे १४१ कोटी डॉलर किमतीची यायला हवी. त्याहून जास्त आलं तर आधी कड्यांची दिशा तपासा.

खाणीच्या भिंतीच्या उताराचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. घनाकृती ब्लॉकवर वरचे पाच ब्लॉक (थेट वरचा आणि त्याच्या चार बाजूंचे) धरले तर मुख्य दिशांना ४५ अंश मिळतात, पण कर्णावर ५४.७. नऊ (कोपऱ्यांवरचेही) धरले तर कर्णावर ३५.३. पहिल्यात भिंत धोकादायक होते, दुसऱ्यात फुकट दगड उपसला जातो. एका थराला पाच, पुढच्याला नऊ असं आलटून पालटून धरलं की फरक बराच कमी होतो.

किंमत फाइलमध्ये निव्वळ आकडाच असतो, म्हणून भाव बदलून पाहता येत नाही. मार्विनच्या ब्लॉक फाइलमध्ये टनेज आणि ग्रेड (धातूचं प्रमाण) आहेत, त्यावर हिशेब स्वतः करा. उदाहरणार्थ, औंसाला २,००० डॉलर म्हणजे ग्रॅमला ६४.३. रॉयल्टी ३ टक्के आणि मिलमधली वसुली (दगडातलं किती सोनं प्रत्यक्ष निघतं) ९० टक्के धरली की हातात ५६.१ उरतात. प्रक्रियेचा खर्च टनाला २० डॉलर असेल तर कटऑफ, म्हणजे मिलला पाठवणं परवडेल असा किमान ग्रेड, टनाला ०.३६ ग्रॅम. इथे खणण्याचा खर्च मिळवू नका. ब्लॉक हद्दीत आला म्हणजे तो कसाही खणला जाणार. प्रश्न फक्त मिलकडे की ढिगाऱ्यावर, एवढाच. खणण्याचे टनाला ३ डॉलर धरले तर २,६०० टनांचा, टनाला एक ग्रॅम सोन्याचा ब्लॉक सुमारे ८६,००० डॉलर देतो, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या अकरा वेस्ट (निरुपयोगी दगडाच्या) ब्लॉकचा भार उचलतो. डायल्यूशन (खणताना धातुकात मिसळणारा निरुपयोगी दगड) विसरलात तर हे अकरा कागदावरच राहतात.

खरा कस लागतो वेळापत्रकाच्या संचात. क्षमतेच्या मर्यादा आणि सवलतीचा दर (पुढच्या वर्षांचं उत्पन्न आजच्या किमतीत आणणारा) लावला की मार्विनच्या किमतीची कमाल मर्यादाच सुमारे ८६ कोटींवर येते. म्हणून हद्दीचा आकडा पाहून गुंतवणुकीचा निर्णय घेणं चूक. पहिल्या वर्षाच्या रकमेला सवलत लागते की नाही हेही नीट वाचा. दहा टक्क्यांच्या दराला एका वर्षाचा घोळ एकूण किमतीत तेवढाच मोठा फरक पाडतो.

मॅक्लॉफ्लिन ही कॅलिफोर्नियातली खरी खाण. १९८५ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९९६ मध्ये खणणं थांबलं, पण साठवलेलं कमी ग्रेडचं धातुक मिलमध्ये २००२ पर्यंत जात राहिलं. असा साठा या संचांच्या मूळ गणितात नाही: ब्लॉक खणला त्याच वर्षी त्याचं ठिकाण ठरतं. त्यासाठी मॉडेलमध्ये वेगळं चल घालावं लागतं, आणि ढिगातले ग्रेड मिसळतात तसं गणित सरळरेषीय राहत नाही. मी उच्च, मध्यम, कमी असे ग्रेडनुसार वेगळे ढीग धरतो. प्रत्येकाला सरासरीऐवजी त्याचा किमान ग्रेड लावला की उत्पन्न फुगत नाही.

आणि संपूर्ण मॅक्लॉफ्लिनला हात घालण्याआधी संगणकाची मेमरी बघून घ्या. ब्लॉक वीस लाखांवर आहेत. १,१२,६८७ ब्लॉकचा मर्यादित संच साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो.