बीपीचं मशीन आणि उधारीची वही: आठ महिन्यांनंतर

पहिल्याच संध्याकाळी या मशीनने १६८/१०२ दाखवलं आणि मी ते परत पाठवायला निघालो. डबा, पावती, माहितीपत्रक, सगळं पिशवीत भरूनही झालं होतं. बायको म्हणाली, "अहो, गाडीवरून उतरल्या उतरल्या कोणी मोजतं का? जरा बसा तरी." बसलो. पाणी प्यायलो. वीस मिनिटांनी १४८/९४. म्हणजे मशीन खराब नव्हतं, माझी घाई खराब होती. तरी १४८ म्हणजे काही पेढे वाटण्यासारखा आकडा नव्हे.

माझं चोपड्याला कृषी केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. खान्देशात हा धंदा केलेल्याला पुढचं सांगावं लागत नाही. जूनमध्ये माल उधारीवर जातो, कापूस विकला की पैसे येतात. कापसाला भाव नसला की शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो आणि माझे पैसेही त्याच खोलीत अडकून राहतात. कंपनीचं बिल मात्र तारखेला हजर. गेल्या दसऱ्याच्या आसपास डोकं सारखं जड व्हायला लागलं, गल्ल्यावरच्या पोराच्या अंगावर ओरडणं वाढलं, रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. डॉक्टरांकडे गेलो. दोन वेगवेगळ्या दिवशी १५० च्या वर भरलं. ते म्हणाले, दवाखान्यात आल्यावर पुष्कळांचं बीपी तेवढ्यापुरतं चढतं, घरी आठवडाभर मोजून आणा. म्हणून ही खरेदी.

दंडावर गुंडाळायचं साधं डिजिटल मशीन आहे, १,९०० रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक मशीनं एकाच वळणाची असतात. मनगटावरचं स्वस्त आणि सुटसुटीत दिसत होतं, पण डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. त्यात हात छातीच्या उंचीला अगदी नेमका धरावा लागतो, थोडा खाली-वर झाला की आकडा फसवतो. आपलं दंडाचंच बरं. हे मशीन डॉक्टरांसारखे ठोके ऐकत नाही. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडताना रक्ताच्या धक्क्याने पट्टा जो किंचित थरथरतो, ती थरथर मोजतं आणि तिच्यावरून वरचा-खालचा आकडा काढतं. म्हणूनच मोजताना हात हलवला, नातवंडाने गुडघ्यावर उडी मारली किंवा समोरच्याशी बोलत बसलं की हिशेब बिघडतो. ज्यांचे ठोकेच अनियमित पडतात त्यांनी तर याच्या एका आकड्यावर विसंबू नये.

पट्ट्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी पंधरा दिवस फुकट घालवले. सोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी होता. हे बारीक अक्षरात पट्ट्यावरच छापलेलं असतं, वाचतो कोण? डॉक्टरांनी टेप लावली तर माझा दंड ३४. वाचणाऱ्याला मी पैलवान वाटेन, पण त्यात स्नायू कमी आणि शेवभाजी जास्त. पट्टा तोकडा असला की आकडा खोटाच वाढीव येतो. मोठा पट्टा वेगळा मागवला, ६०० रुपये गेले, आणि त्याच आठवड्यात वरचा आकडा आठ-नऊने खाली आला. न गोळी, न चालणं! तेव्हा घेण्याआधी शिंप्याची टेप दंडाला लावा, मग मशीन मागवा.

मोजायची रीत डॉक्टरांनी दिली ती अशी: अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, सदऱ्याच्या बाहीवर नव्हे तर उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प. मग मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, तसंच संध्याकाळी. असं सात दिवस, त्यातला पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या मोजमापाला १३५/८५. माझी सरासरी आली १४४/९२. छोटी गोळी सुरू झाली आणि जोडीला चालणं, मीठ आणि वजन.

यात सगळ्यात अवघड काय होतं सांगू? ती पाच मिनिटं गप्प बसणं. दुकानदार माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर गिऱ्हाईक विचारतं, शेठची तब्येत बरी आहे ना.

आकडे मशीनच्या आत राहतात, पण सेल बदलले की तारीख पुसते आणि मागचं काय कधीचं ते कळत नाही. म्हणून मी शाळेची शंभर पानी वही केली. दुकानदाराची सवय, रकाने आखले: तारीख, वेळ, आकडा. आणि एक रकाना उगाच जास्तीचा आखला, 'आधी काय चाललं होतं'. या मशीनचा खरा फायदा मला त्या उगाचच्या रकान्याने करून दिला. तीन आठवड्यांनी पानं उलटली तर रात्रीचे सगळे चढे आकडे एकाच ओळीत बसलेले. 'वसुलीचे फोन.' 'वसुलीचे फोन.' 'फोन, भांडण.' मी दुकान बंद केलं की साडेसात ते साडेआठ उधारीची वही मांडीवर घेऊन फोन लावायचो. मग जेवण, मग झोप. म्हणजे रात्री दोनला जी जाग येत होती ती मीच साडेसातला पेरून ठेवत होतो.

प्राणायाम करून पाहिला. मिनिटाला सहा श्वास इतक्या संथपणे दहा मिनिटं श्वास घेतला की वरचा आकडा पाच-सहाने उतरलेला दिसतो, मी मोजलंय. पण दुसऱ्या दिवशी फोन लावला की पुन्हा तिथेच. शेवटी श्वास नाही, वेळ बदलली. वसुलीचे फोन आता सकाळी अकरा ते बारा, दुकानात, उभ्याने. संध्याकाळी सातनंतर उधारीची वही दुकानाच्या खणात कुलपात. घरी येत नाही. पहिले आठ दिवस हात शिवशिवायचे. बायकोने तर किल्ली स्वतःच्या कंबरेला लावली होती.

चालण्याबद्दल. दिवाळीनंतर सुरू केलं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत पोटऱ्या बोलायला लागल्या. आता यावल रस्त्याच्या बाजूने निघून केळीच्या बागांमधल्या गाडरस्त्याने चाळीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे दोनशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, त्यात बसतं. वेग कसा असावा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. थंडीत सहाला निघायचो. एप्रिल-मेमध्ये मात्र पाचलाच निघालो, कारण आपल्याकडचं ऊन ४५ ला टेकतं आणि सकाळी आठलाच रस्ता तापतो. बागेत पहाटे पाणी सोडलेलं असतं, ओल्या मातीचा आणि केळीच्या पानांचा वास असतो, घडाच्या गाड्या भरणारे मजूर शेकोटीशी नाहीतर चहाशी असतात. त्यातला एक म्हातारा रोज विचारायचा, "काय भाऊ, काय करी ऱ्हायना?" फिरतोय म्हटलं की हसायचा. त्याचं काय चुकलं? तो दिवसभर घड वाहतो, मी पैसे न मिळता चालतोय. वजन ८४ वरून साडेअठ्ठ्याहत्तर झालं. डॉक्टरांच्या हिशेबाने किलोमागे साधारण एक अंक उतरतो.

मीठ मात्र सोपं गेलं नाही. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, असं सांगितलंय. आम्ही घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम आणि महिन्याला पाऊण किलो. आमची किलोची पिशवी तीन आठवड्यांत संपायची. त्यात बिबडे, उडदाचे पापड, कैरीचं लोणचं आणि ठेचा यांचं मीठ धरलेलंच नाही. माझी माय म्हणते, "मीठ नसलेलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं." तडजोड झाली ती अशी: भाकरी कळण्याची असो नाहीतर साधी, पिठात मीठ नाही. ताटात वरून मीठ नाही. पापड आणि लोणचं दोन्ही एका जेवणात नाही. ठेचा राहिला. भरताच्या पार्ट्याही राहिल्या, पौष महिन्यात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि पुरी समोर आल्यावर जो हात मागे घेतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. वहीत त्या रात्रीचा रकाना आहे: 'भरीत. १३९/८८.' वसुलीपेक्षा कमीच.

आता माझा मूर्खपणा. जानेवारीत आकडे १२६, १२८ यायला लागले. फिरायला येणाऱ्या एकाने सांगितलं, आता कशाला गोळी, सवय लागते. मलाही तेच ऐकायचं होतं. दहा दिवस बंद ठेवली. आकडा पहिले दोन-तीन दिवस हलला नाही, म्हणून मिशीला ताव दिला. दहाव्या दिवशी १५८/९८. डॉक्टर रागावले नाहीत, नुसती वही मागितली आणि त्या दहा ओळींखाली पेनने रेघ मारली. १२६ येत होतं ते गोळीसकट येत होतं, एवढंच म्हणाले. वर हेही सांगितलं, की थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी एरवीपेक्षा थोडं चढंच असतं, म्हणजे मी गोळी सोडायला महिनाही नेमका चुकीचा निवडला होता. उन्हाळ्यात उलटं, तेव्हा चक्कर येऊ लागली तर दाखवायला या, पण स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका. सध्या गोळी चालू आहे, सरासरी १२८/८२. चालून गोळी सुटते का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: माझी नाही सुटली. वाढली नाही, एवढं खरं.

मशीनच्या तक्रारी उरकतो. चार पेन्सिल सेल लागतात, आम्ही मोजतो तसं मोजलं तर अडीच-तीन महिने जातात. अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं? पट्ट्याचं चिकटणारं कापड सहाव्या महिन्यात सुटायला लागलं, शिंप्याकडून शिवून घेतलं. हवा भरताना आवाज मोठा आहे, पहाटे घर जागं होतं. आणि एक दोष मशीनचा नाही, माणसाचा: पहिल्या महिन्यात मी एका रविवारी अकरा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी आधीच्या आकड्याच्या धास्तीने पुढचा चढत गेला. बायकोने सेल काढून पिठाच्या डब्यात लपवले. दिवसात दोन वेळा, बस.

फेब्रुवारीत मशीन दुकानात नेलं, तीही चूकच म्हणायची. गल्ल्याचा दवाखाना झाला. "शेठ, मना बी देख ना" करत युरिया घ्यायला आलेला प्रत्येक जण बाही वर सारायचा.

मार्चअखेरीला अडावदकडचा एक शेतकरी आला. त्याच्याकडे माझे ४३ हजार येणं होतं. कापूस अजून घरातच. मी सकाळी त्याला फोन केला होता, जरा चढ्या आवाजात. तो आला, काही न बोलता स्टुलावर बसला आणि मशीन बघून हात पुढे केला. १८६/१०८. मला वाटलं पट्टा चुकला. परत लावला. १८४. त्याचा तळहात घामाने ओला होता. समोर उधारीची वही उघडी होती, त्याच्याच पानावर. मी ती मिटली, खणात टाकली, पंखा त्याच्याकडे फिरवला आणि म्हणालो, पैशाचं आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर बघू. पाणी दिलं. दहा मिनिटं दोघेही गप्प. मग मोजलं तर १६४/९८. तरी पुष्कळच जास्त होतं. त्याला मी स्वतः गाडीवर बसवून उपजिल्हा रुग्णालयात नेलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या रात्री माझ्या वहीत माझा आकडा लिहिला, पण 'आधी काय चाललं होतं' हा रकाना बराच वेळ कोराच ठेवला.

आखाजी झाली. त्याने १५ हजार आणून दिले, बाकीचे यंदाच्या कापसावर. नवीन उधारी मी यंदा प्रत्येकाला मर्यादा घालूनच दिली, काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दे. तो मात्र दर शनिवारी येतो. स्टुलावर पाठ टेकून बसतो, पाय सपाट, मी शिकवलं तसं, आणि पाच मिनिटं एक शब्द बोलत नाही. पट्टा फुगतो, सुटतो, मशीन थांबतं. मग आकडा किती आला ते विचारतो, "कितला उना?"

उधारीचं बोलणं त्यानंतर.