पट्टी, काढा, गोळी की सुई?

"लेकराचं आंग तव्यावानी तापायलंय, काय करू?" परभणीच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न हमखास रात्री दहानंतर येतो आणि चार दारांतून चार उत्तरं मिळतात. म्हातारी म्हणते, वाकळ घाला, घाम फुटू द्या. मावशी मिठाच्या पाण्याची पट्टी घेऊन बसते. कुणी गुळवेल उकळायला ठेवतं. घरातला कर्ता माणूस म्हणतो, "सकाळी सुई मारून आणू, मोकळं होईल." यातलं काय कधी करायचं, एवढंच इथं ताडून पाहते.

ताप हा स्वतः रोग नाही. जंतूंशी झुंजताना मेंदूच शरीराचं तापमान मुद्दाम वर नेतो. म्हणून घरचे उपाय मूळ दुखणं बरं करत नाहीत. तोवरचा वेळ सुसह्य करतात. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त म्हणजे ताप. काखेतला आकडा थोडा कमी येतो. कपाळाला हात लावून अंदाज येतो, आकडा येत नाही. डिजिटल थर्मामीटर घरात असू द्या.

वाकळ की पट्टी?

दोघी बरोबर असतात, फक्त वेळ वेगळी. ताप चढत असताना मेंदूने नवी पातळी ठरवलेली असते आणि अंग अजून तिथवर पोचलेलं नसतं. म्हणून कपाळ गरम, पण हातपाय गार आणि हुडहुडी. तेव्हा पातळ पांघरूण द्यावं, पट्टी नको. थोड्या वेळाने तळपायही तापतात, थंडी जाते. मग पांघरूण काढायचं, सुती कपडे, पंखा हळू. यानंतरही जाड वाकळीत गुंडाळून ठेवलं तर उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. घाम ताप उतरायला लागला की येतो. वाकळीखाली कोंडून काढलेल्या घामाने रोग जात नाही. थोडक्यात, कपाळाला विचारू नका, तळपायाला विचारा.

पट्टीचं पाणी कोमट हवं. फ्रिजच्या किंवा बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कापरं भरतं आणि अंग आतून आणखी तापतं. नुसती कपाळावरची पट्टी बरी वाटते, पण मान, काखा, जांघा कोमट फडक्याने पुसल्या तर फरक जास्त. तोही थोडाच वेळ टिकतो. पाण्यातल्या मिठाने काही वाढत नाही. काशाची वाटी आणि तुपाने तळपाय घासणं मला स्वतःला फार आवडतं, झोप छान लागते. पण वाटीखाली येणारा काळपटपणा म्हणजे बाहेर आलेला ताप नव्हे, तो धातू आणि तूप एकमेकांवर घासल्याचा.

काढा की पेज?

माझं मत सरळ पेजेला. तापात अंगातलं पाणी नेहमीपेक्षा जास्त खर्च होतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते आधीच कमी असतं. ज्वारीचं पीठ ताकात कालवून, मीठ-जिरं घालून शिजवलेली पातळ आंबील, मुगाच्या वरणाचं पाणी, साधं ताक यांनी पाणी, मीठ आणि थोडी ताकद, तिन्ही मिळतं. जुलाब-उलट्याही असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, लहान चमच्याने मोजून. अंदाजाने मीठ टाकू नका. लंघनाचा सल्ला अर्धा खरा आहे: भूक नसेल तर भाकरी कोंबू नये, पण पाणी तोडू नये.

तुळस, आलं, गवती चहाचा काढा घशाला आणि सर्दीला आराम देतो, गरम पाणी पोटात जातं, एवढं त्याचं श्रेय. मिरे-दालचिनी मुठीने टाकलेला काढा उपाशीपोटी दिला की पोटात आग. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. गुळवेलीचं जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे बांधावरच्या कडुलिंबावर ती सहज सापडते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी. कुणाचंही खरं असो, वेल नीट ओळखता येत नसेल, कावीळ होऊन गेली असेल किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर स्वतःच्या मनाने घेऊ नये.

"सलाईन लावा, अशक्तपणा जाईल" हाही हट्ट असतो. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. वाटीभर आंबील पिणाऱ्या माणसाला ती कशाला? पोटात काहीच टिकत नसेल तेव्हा मात्र सलाईन जीव वाचवते.

गोळी की सुई?

पॅरासिटामॉल मेंदूने चढवलेली पातळीच खाली आणतं, म्हणून ते पट्टीपेक्षा भरवशाचं. लेकरांचा डोस वयावर नाही, वजनावर: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून मागच्या वेळचं झाकणभर माप यावेळी चालेलच असं नाही. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो. ताप 101 आहे आणि पोरगं खेळतंय, तर गोळीची घाई नको.

सुई मारून घेण्याआधी ती कशाची, ते विचारा. आपल्या शहरांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो, रांजण-ड्रम भरून ठेवावे लागतात, आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही ताप-दुखीची औषधं नकोत, गोळीतूनही नाही आणि सुईतूनही नाही. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून रक्त तपासायचं टाळू नये. आणि इथली खरी मेख: डेंग्यूत ताप तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि धोका तेव्हाच सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती दिसली तर थेट दवाखाना.

उन्हाचा ताप मात्र वेगळाच

वैशाखात पारा 42-43 वर असताना शेतातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग भाजतंय, तर वरचं सगळं उलटं होतं. इथं मेंदूने पातळी चढवलेलीच नसते, अंगच उष्णता टाकू शकत नसतं. पॅरासिटामॉल काम करत नाही. कोमट पाण्याचा सोवळेपणाही नको: सावलीत घ्या, कपडे सैल करा, गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ लावा आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पन्हं ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 आला तरी घरचा कुठलाच उपाय नाही, लगेच डॉक्टर. ताप तीन दिवसांपुढे गेला, मान ताठली, धाप लागली, लघवी कमी झाली, अंगावर जांभळे ठिपके आले, तरी तेच. लेकराला झटका आला तर कुशीवर वळवा; कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. थांबला तरी डॉक्टरांना दाखवाच. निघताना थर्मामीटरचे आकडे वेळेसकट कागदावर लिहून न्या, दिलेल्या गोळीचं पाकीट सोबत घ्या. काढा पाजला असेल तर तोही सांगा, त्यात लाजायचं काही नाही.